कॅमेऱ्याचं घराणं बदलावं का?

रहाटणी, काळेवाडी, पिंपळे सौदागर या भागातल्या मैत्रिणींना हे चित्र नवं नाही. घरचे चाकणला नाहीतर भोसरीला कंपनीत शिफ्टला जातात आणि लग्नसराई आली की कपाटातली काळी बॅग बाहेर निघते. सुरुवात हौसेची असते. मित्राच्या लग्नात चार फोटो काढले, मग कुणाचं बारसं, कुणाचा साखरपुडा, आणि बघता बघता घराला एक जोडधंदा लागतो. कित्येक घरांत आता कॅमेरा बाईच्याच हातात असतो. डोहाळजेवण, बोरनहाण, मंगळागौर, हळद अशा प्रसंगी बायकांच्या घोळक्यात बाई फोटो काढत असली की लाजणारी मुलगीही मोकळी होते. म्हणून अशा कामाला बाईच हवी, असं सांगणाऱ्या सासवाही भेटतात.

अशा घरात पाच-सात वर्षांनी एक प्रश्न हमखास उभा राहतो. जुना डीएसएलआर थकलेला असतो आणि नवा घ्यायचं ठरतं. तेवढ्यात कुणीतरी सांगतं, "आता घेतोच आहेस तर कंपनीच बदल. सगळे तिकडे चाललेत." झालं! त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही.

"ते यंत्राचं मला काय कळतंय," म्हणून यातून अंग काढून घेऊ नका बरं. पैसे दिवाळीच्या बोनसचे असतात, भिशीचे असतात, कधी मोडलेल्या पाटल्यांचे असतात. आणि विषय वाटतो तितका अवघड मुळीच नाही. स्वयंपाकघर चालवणाऱ्या बाईला तो दहा मिनिटांत कळतो.

प्रेशर कुकरचंच बघा ना. हॉकिन्सचं झाकण आतून बसतं, जुन्या प्रेस्टीजचं वरून. दोन्हींत डाळ छान शिजते. पण एकीची रिंग दुसरीला चालत नाही, झाकणाची तर बातच सोडा. कॅमेऱ्याच्या तोंडाशी लेन्स बसवायची जी कडी असते तिला माउंट म्हणतात आणि ती प्रत्येक कंपनीची निराळी असते. निकॉनची लेन्स घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवून बसते, कॅननची काट्यांच्या दिशेने. तेव्हा कंपनी बदलायची म्हणजे नुसता कुकर बदलायचा नसतो. रिंग, शिट्टी, आतले डबे सगळंच बदलायचं असतं. आपल्या आईच्या पिढीत ही भानगड नव्हती. आगफाचा क्लिक थ्री घरात असला की एका रोलमध्ये बारा फोटो निघायचे आणि लेन्स काढायचा-घालायचा प्रश्नच यायचा नाही.

म्हणून पहिलं काम दुकानात जायचं नाही, बॅग रिकामी करायचं. जेवणाच्या टेबलावर एक जुनी चादर अंथरा आणि सगळं मांडा. बॉडी, लेन्सेस, फ्लॅश, बॅटऱ्या, चार्जर, सगळं. प्रत्येक वस्तूपुढे लिहा की ही पुढच्या कॅमेऱ्यावर चालेल का. हा कागद म्हणजे अर्धा निर्णय.

समजा बॅगेत कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ची लेन्स आणि एक लहानशी ५० मिलिमीटरची, एवढंच आहे. मग तुम्ही मोकळ्या आहात. वाटेल त्या कंपनीचा घ्या, तुमचं फारसं अडत नाही. पण त्या चादरीवर ७०-२०० आहे, २४-७० आहे, दोन फ्लॅश आहेत, तर घराणं बदलणं महागात जाईल. जुनं सामान विकताना घेतल्या किमतीच्या निम्मेही येत नाहीत असं धरूनच हिशेब करा. समजा दीड लाखाच्या सामानाचे साठ हजार आले. तेवढ्याच तोलामोलाचं नवं घ्यायला पुन्हा दीड लाखाच्या वर लागणार. मधला खड्डा नव्वद हजारांच्या पुढचा झाला, आणि लग्नाचा फोटो पहिल्यापेक्षा चांगला येईलच असं नाही. हा खड्डा किती लग्नांत भरून येईल ते घरच्यांना विचारा. बहुतेक वेळा तिथेच आवाज खाली येतो.

आता कुणी म्हणेल, आपण एका कंपनीला धरून राहायचं, पण कंपनी आपल्याला धरून राहते का? प्रश्न रास्त आहे. निकॉनने १९५९ साली जो माउंट आणला तो पुढे डीएसएलआरपर्यंत चालवला. कॅननने मात्र १९८७ साली नवा माउंट आणला, आणि जुन्या लेन्सेस बाळगणाऱ्यांना हात चोळत बसावं लागलं. आताही तशीच वेळ आहे. कॅनन आणि निकॉन यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही. सोनीने आपले डीएसएलआर जातीचे कॅमेरे २०२१ मध्ये बंद केले. आत आरसा नसलेले, मिररलेस म्हणतात ते कॅमेरे आता सगळीकडे आहेत. २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन दोघांनीही त्यांच्यासाठी नवे माउंट काढले.

म्हणजे माउंट बदलणारच असेल, तर कंपनी बदलायला काय हरकत, असं वाटतं खरं. पण इथे एक बारकी गोष्ट आहे. आरसा गेल्यामुळे लेन्स आणि सेन्सर यांच्यातलं अंतर कमी झालं. कॅननच्या जुन्या माउंटला ते ४४ मिलिमीटर होतं, नव्याला २० आहे. हे मधलं २४ मिलिमीटर भरून काढायला कंपनीच एक पोकळ कडी देते. तिला अ‍ॅडॉप्टर म्हणतात. त्या कडीमुळे घरातल्या जुन्या लेन्सेस नव्या बॉडीवर फोकससकट नीट चालतात. दुसऱ्या कंपनीच्या बॉडीवर त्याच लेन्सेस चढवायच्या तर तिऱ्हाईताचा अ‍ॅडॉप्टर घ्यावा लागतो आणि प्रत्येक लेन्स तितक्याच चपळाईने चालेल याची हमी कुणी देत नाही. शिवाय बॅटऱ्या असतात. निकॉन डी ७५०ची बॅटरी झेड ६ला चालते. कॅनन ८० डीची आर ६ला चालते. चार बॅटऱ्या असलेल्या घरात ही रक्कम लहान नसते.

तरी घराण्यात राहिलो म्हणजे सगळं सुखरूप, असंही समजू नका. निकॉनच्या डी अक्षराच्या जुन्या लेन्सेसना स्वतःची मोटर नसते, त्या कॅमेऱ्यातल्या मोटरवर फिरतात. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्ये ती मोटर नाही. म्हणजे लेन्स बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने करावा लागतो. नवरीने हार घालायला हात उचलला त्या क्षणी हाताने फोकस करून बघा! कॅननच्या ईएफ-एस लेन्सेस त्याच कॅननच्या मोठ्या सेन्सरच्या डीएसएलआरवर बसतच नाहीत. निकॉनच्या डीएक्स लेन्सेस बसतात, पण चित्राची मधलीच चौकट वापरली जाते आणि २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा १० वर येतो. दुकानदार हे सगळे विचारल्याशिवाय सांगतातच असं नाही. तो टेबलावरचा कागद बरोबर न्या आणि एकेक लेन्स नाव घेऊन विचारा.

वजनाबद्दल तर बायकांनी जरूर विचारावं. मिररलेस हलका म्हणून बदलायचा, असं सांगतात. डी ७५० बॅटरीसकट ८४० ग्रॅम भरतो, झेड ६ ६७५ ग्रॅम. वाटीभर साखरेएवढा फरक. पण त्यावर जुनी लेन्स लावायला सुमारे १३५ ग्रॅमचा अ‍ॅडॉप्टर लागतो, म्हणजे साखर जवळजवळ सगळी परत वाटीत. आणि ७०-२०० लेन्स जुनी घ्या की नवी, जडच असते. रात्री मान धरते ती लेन्समुळे. दुखणं वजनाचं असेल तर आधी पट्टा बदला. दोन्ही खांद्यांवर भार वाटणारा पट्टा कॅमेऱ्यापेक्षा फार स्वस्त मिळतो.

मग कंपनी बदलूच नये का? बदलावी, पण तक्रार नाव घेऊन सांगता येत असेल तर. "जुना झाला" ही तक्रार नव्हे. "हॉलच्या मंद उजेडात माझे दहातले चार फोटो हलतात," ही तक्रार आहे. "मी मंगळागौर आणि बारशाचा व्हिडिओही करते आणि माझा कॅमेरा त्यात फोकस सोडतो," ही आहे. "मला लागते ती लेन्स या कंपनीत माझ्या आवाक्यात नाही," ही तर फारच सबळ. सोनीने आपल्या माउंटची माहिती २०११ पासून इतर लेन्स-कंपन्यांना खुली केली, त्यामुळे त्या कॅमेऱ्यांना सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या त्यामानाने स्वस्त आणि चांगल्या लेन्सेस भरपूर मिळतात. कॅननने मिररलेसच्या बाबतीत हात आखडता ठेवला. तिथे या दोन कंपन्यांच्या लेन्सेस २०२४ मध्ये यायला लागल्या, त्याही लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी. बॅगेत फारसं काही नसलेल्या आणि अजून तीन-चार लेन्सेस घ्यायच्या असलेल्या बाईने हे जरूर तोलावं.

याहून एक तिसरी वाट आहे, ती बिचारी कुणाच्या लक्षात येत नाही. सगळे मिररलेसकडे वळल्यामुळे चांगले डीएसएलआर जुन्या बाजारात उतरलेत. मुंबईच्या फोर्टमधला बोरा बाजार त्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याच घराण्यातली वरच्या दर्जाची बॉडी तशी घेता येते. मात्र शटर किती वेळा पडलंय तो आकडा काढून मागा. डी ७५०चं शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेलं आहे, ८० डीचं एक लाख. एका लग्नात अडीच हजार फोटो धरले तर चाळीस लग्नांत लाख होतात. आकडा लाखावर गेलेला कॅमेरा स्वस्त का मिळतोय ते मग वेगळं सांगायला नको.

दोघं मिळून काम करत असाल तर आणखी एक गोष्ट बघा. एकाच अल्बममध्ये दोन कंपन्यांचे फोटो शेजारी आले की रंग जमत नाहीत. हळदीचा पिवळा एकात लिंबासारखा, दुसऱ्यात केशरी. पैठणीचा जांभळा तर विचारूच नका. संगणकावर जुळवता येतं, पण तिथे रात्री जागतं कोण? बऱ्याच घरांत मुलांची दप्तरं भरून झाल्यावर आपणच. एकाने बदलायचं तर दोघांनी बदलायचं, असं धरूनच पैसे मोजा.

आणि वेळ. बोनस दिवाळीला हातात येतो. पाडव्याची खरेदी शुभ, म्हणून कॅमेराही पाडव्याला. पण पाडवा ते तुळशीचं लग्न यांत जेमतेम अकरा-बारा दिवस असतात, आणि तुळशीचं लग्न लागलं की रहाटणीतल्या लॉन्सवर मांडव उभे. बोटांना जुन्या बटणांची सवय झालेली असते. कॅनन आणि निकॉनच्या झूमची कडीसुद्धा एकमेकींच्या उलट फिरते. हात आपोआप जुन्या दिशेला जातो, आणि सप्तपदी कुणी आपल्यासाठी पुन्हा घालत नाही. त्याशिवाय मिररलेसचं बिनआवाजी शटर काही एलईडी दिव्यांखाली फोटोवर पट्टे उमटवतं. हे आधी करून बघितल्याशिवाय कळत नाही. घराणं बदलायचंच ठरलं तर बोनस बँकेत ठेवा, ती लग्नसराई जुन्या कॅमेऱ्यावर काढा, आणि आषाढात चातुर्मास लागला की खरेदी करा. श्रावणातली मंगळागौर आणि गणपती हात बसवायला आयतेच मिळतात.

तेवढी वाट बघवत नसेल तर पुण्यात कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात. ज्या कंपनीचा विचार आहे तो दोन दिवस आणा. घरातल्या ट्यूबलाइटखाली, संध्याकाळी गॅलरीत, धावणाऱ्या धाकट्याच्या मागे, असा वापरून बघा. तुमच्या हातात तो नीट मावतो का तेही बघा. नवऱ्याच्या पंजाला बेतशीर वाटलेला कॅमेरा आपली करंगळी लोंबकळत ठेवतो.

घेताना पक्कं बिल घ्या. अठरा टक्के जीएसटी वाचवण्याच्या लोभाने बिलाशिवाय घेतलेला कॅमेरा बिघडला तर भारतातली वॉरंटी मागायला तोंड राहत नाही. बिलावर कॅमेऱ्याचा आणि लेन्सचा नंबर हवा. कामाला तुम्ही जात असाल तर बिल तुमच्या नावाने करा. होमाई व्यारावाला देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, पण त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात. आता तशी काही गरज उरलेली नाही.

जुनं सामान विकायचं असेल तर लेन्स उजेडासमोर धरून आत बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि तशा लेन्सची किंमत निम्म्यावर येते. चामड्याच्या पेटीत लेन्स ठेवू नका, ओल धरते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओल पिऊन भरलेत असं समजायचं. ते मंद आचेवर वेगळ्या जुन्या भांड्यात तापवले की पुन्हा निळे होतात. ते भांडं मात्र पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका, आणि दाणे मुलांच्या हाताला लागू देऊ नका.