कापड्याला आलेली मावशी

मुंबईहून निघालेली नाटकाची बस महाड सोडते, पोलादपूरच्या स्टँडवर चहाला थांबलीच तर थांबते, आणि कशेडी ओलांडून चिपळूण-रत्नागिरीकडे निघून जाते. पोलादपूरहून आत कापड्याकडे ती वळत नाही. वळून करणार काय? व्यावसायिक नाटकाला रंगमंच लागतो, विंग लागतात, तिकीट काढणारे सहाशे-सातशे लोक लागतात. तरीही या भागातल्या पन्नाशीच्या कुणालाही ‘मोरूची मावशी’ हे नाटक विचारा. नट विजय चव्हाणांची मावशी त्यानं पाहिलेली असते. शिवाजी मंदिर नाट्यगृहात नव्हे, तर पूजेच्या रात्री मांडवात, भाड्याच्या टीव्हीवर.

ही मावशी मुळात इंग्रज. ब्रँडन थॉमस या नटाने लिहिलेलं ‘चार्लीज् आंट’ 29 फेब्रुवारी 1892 रोजी बरी सेंट एडमंड्स या लहानशा गावात पहिल्यांदा झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरात लंडनला पोचलं. डब्ल्यू. एस. पेन्ली हा बुटका विनोदी नट त्यात मावशी झाला. लंडनमध्ये सलग 1466 प्रयोग झाले. तोवर एवढं कुठलंच नाटक चाललेलं नव्हतं.

गोष्ट दोन ओळींची आहे. ऑक्सफर्डच्या दोन पोरांना आपापल्या मैत्रिणींना जेवायला बोलवायचंय. घरात कुणी वडीलधारी बाई असल्याशिवाय मुली येणार नाहीत. चार्लीची ब्राझीलची श्रीमंत मावशी येणार असते, पण तिला उशीर होतो, म्हणून एका मित्राला बाईचे कपडे घालून मावशी म्हणून बसवतात. मग मुलीचा पैशावर डोळा असलेला पालक या खोट्या मावशीलाच मागणी घालतो, आणि तेवढ्यात खरी मावशी दारात उभी राहते. वडीलधाऱ्या बाईशिवाय मुलींनी मुलांच्या खोलीवर जायचं नाही, हा नियम व्हिक्टोरियन इंग्लंडचा. पण तो मराठी घरात सांगायला तळटीप लागत नाही.

आचार्य अत्र्यांच्या हे लगेच लक्षात आलं असणार. सासवडचा हा माणूस शिक्षणशास्त्राच्या पदविकेसाठी 1920च्या दशकात लंडनला राहून आलेला, आणि ‘साष्टांग नमस्कार’पासून मराठी प्रेक्षकाला किती वेळानं हसवायचं याचा हिशोब त्याच्या बोटांवर होता. त्यांनी चार्लीचा मोरू केला, मावशी मराठी केली आणि मध्ये गाणी घातली. त्यांच्या काळात बापूराव माने मावशी होत असत.

हे नाटक मराठीत येताना एक गंमत झाली, आणि ती इंग्रजांना कळणं कठीण आहे. लंडनच्या प्रेक्षकाला पुरुषानं बाईचे कपडे घालणं हाच मोठा विनोद होता. आपल्याकडे ते विनोद नव्हतंच. बालगंधर्वांची भामिनी, रुक्मिणी, सिंधू बघून बायका साड्या निवडायच्या. शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’वरून वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी केलेल्या ‘त्राटिके’त गणपतराव जोशींसमोर बाळाभाऊ जोग त्राटिका होत, तेही गंभीरपणे. आमच्या कोकणातल्या गावकीच्या नाटकांत तर मुंबईहून बाई आणणं परवडायला लागेपर्यंत गावचाच कुणी मिशी काढून राणी व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी नदीवर त्याला कुणी चिडवत नसे. अशा प्रेक्षकापुढे मावशी करायची तर स्त्रीपार्टाच्या बरोबर उलटं करावं लागतं. स्त्रीपार्ट करणारा नट आपल्यातला पुरुष लपवतो. मावशीत तो लपता लपत नाही, हे सतत दिसत राहिलं पाहिजे. आणि ते फक्त प्रेक्षकाला दिसायचं, रंगमंचावरच्या बाकीच्यांना नाही.

विजय चव्हाणांनी हे साधलं. 1980च्या दशकात सुधीर भटांच्या ‘सुयोग’ या नाट्यसंस्थेनं दिलीप कोल्हटकरांच्या दिग्दर्शनात हे नाटक पुन्हा काढलं, तेव्हा अशोक पत्कींच्या संगीतानं अत्र्यांची गाणी नव्यानं उभी राहिली. प्रशांत दामले आणि प्रदीप पटवर्धन सोबतीला होते. चव्हाण लालबागचे, चाळीत वाढलेले, रुपारेल कॉलेजच्या एकांकिकांतून आलेले. हा पत्ता आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. महाड-पोलादपूरचा चाकरमानी लालबाग-परळच्याच गिरण्यांत होता आणि त्याच भागातल्या गावच्या खोलीत पंधरावीस जण वळकट्या टाकून राहत होता. 18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यातले कितीतरी कायमचे गावाला परतले. त्यांनी मावशी पाहिली तेव्हा तिच्या बोलण्यात, हातवाऱ्यात त्यांना इंग्रज बाई दिसली नाही, ब्राह्मणी आत्याबाईही दिसली नाही. नळावर भांडणारी चाळीतली शेजारीण दिसली.

आता ती गावात पोचली कशी, ते सांगायला हवं. नाटकाचा प्रयोग कॅमेऱ्यानं घेऊन त्याच्या कॅसेटी विकणं हा धंदा व्हिडिओ आला तसा मराठीत फोफावला. व्हीएचएसची नेहमीची कॅसेट तीन तासांची. तीन अंकी नाटक, मध्यंतर काढून टाकलं की, तीत बरोबर मावायचं. गावात सत्यनारायणाची पूजा असली की चाकरमान्यांचं मुंबई मंडळ वर्गणीतून ‘व्हिडिओ आणायचं’ ठरवायचं. पोलादपूरहून टीव्ही आणि व्हीसीआर जीपमधून यायचा, त्याच्यासोबत तो चालवणारा पोरगाही यायचा. आधी आरती, मग भजन. आमचा तालुका वारकऱ्यांचा, त्यामुळे भजन उरकून घेणं चालत नसे. बारा वाजता पडदा, म्हणजे चौदा का वीस इंची काच. पहिला सिनेमा पौराणिक, मग मारामारीचा, आणि पहाटे डोळे मिटायला लागले की नाटक. लाईट गेली तर जनरेटर. चित्रात मुंग्या आल्या की पोरगा झाकण उघडून हेड पुसायचा, तोवर बायका शेंगा सोलून घ्यायच्या.

त्या चित्रीकरणाला आज कुणी चांगलं म्हणणार नाही. कॅमेरा बहुतेक वेळ समोर उभा. रंगमंचाचे दिवे डोळ्यांसाठी लावलेले, कॅमेऱ्यासाठी नाहीत, त्यामुळे चेहरे पांढरेफटक. नट मायक्रोफोनपासून दूर गेला की आवाज विहिरीतून आल्यासारखा. फळ्यांवरची पावलं मात्र खणखणीत. पुढे व्हीसीडी आल्या आणि एका चकतीत सव्वा तासच मावू लागला. मग अंक कुठे तोडायचा हे लेखकानं नव्हे, चकतीनं ठरवलं.

तरी एक गोष्ट त्या भिकार चित्रणात धडपणे टिपली गेली, ती म्हणजे प्रेक्षकांचं हसणं. आणि मला वाटतं, प्रहसनाचा अर्धा जीव तिथेच असतो. एखादं वाक्य टाकल्यावर चव्हाण थांबतात. हसू वर चढतं, पसरतं, उतरायला लागतं. पूर्ण उतरू द्यायचं नाही. थोडं शिल्लक असतानाच पुढचं वाक्य, नाहीतर प्रेक्षक थंड होतो. आधी बोललं तर शब्द हशात बुडतात. समोरचा नटही तेवढा वेळ काहीतरी करत राहतो, रुमाल काढतो, खुर्ची सरकवतो. हा थांबण्याचा वेळ संहितेत लिहिलेला नसतो, तालमीतही सापडत नाही. त्या रात्रीचं थिएटर तो देतं. सिनेमात हे नाही. ‘चार्लीज् आंट’वर 1925मध्ये सिड चॅप्लिनचा मूकपट आला, 1941मध्ये जॅक बेनीचा बोलपट. दोन्हींत नटापुढे प्रेक्षक नाही, त्यामुळे वाट बघायची ती कुणाची?

कापड्याच्या मांडवात काय व्हायचं, तर थिएटरातला हशा काचेतून यायचा आणि त्यावर मांडवातला हशा बसायचा. ‘टांग टिंग टिंगा’ गाणं सुरू झालं की झोपलेली पोरंही उठायची. पण दोन्ही हशे नेहमी जुळत नसत. तो लोभी म्हातारा मावशीची मालमत्ता मोजू लागला की शहरातला प्रेक्षक बेताचा हसायचा आणि मांडव कोसळायचा. सातबाऱ्यावरच्या नावासाठी गोड बोलणारे नातेवाईक शेजारीच बसलेले असायचे ना! खोट्या मावशीपेक्षा तो म्हातारा आमच्याकडे जास्त गाजला, असं माझं मत आहे.

नाटकाचं चित्रण लांबच्या प्रेक्षकाला दाखवायचं, या कल्पनेचं इंग्रजांनी पुढे मोठं काम केलं. लंडनच्या नॅशनल थिएटरनं जून 2009मध्ये हेलन मिरेनचं ‘फेद्र’ उपग्रहावरून थेट चित्रपटगृहांत दाखवलं आणि नंतर गोल्डस्मिथचं 1773 सालचं ‘शी स्टूप्स टू कॉन्कर’ही. त्या प्रयोगांना कॅमेऱ्यांसाठी वेगळी तालीम असते, प्रकाशयोजना जुळवून घेतात. मुंबईत एनसीपीएत ती चित्रणं दाखवली जातात. चित्र देखणं असतं यात वाद नाही. पण तिथेही प्रेक्षकांचा आवाज पुसत नाहीत. लंडनचे कॅमेरे आणि आमचा एकटा कॅमेरा इथे एकाच ठिकाणी येतात.

आपल्या बाजूची चूक मात्र दाखवली पाहिजे. कॅसेटच्या वेष्टनावर नटांचे फोटो असायचे, पण हा प्रयोग कुठल्या थिएटरात, कोणत्या तारखेला झाला, कॅमेरा कुणी चालवला, हे क्वचितच छापलं जायचं. त्यामुळे आज तो हशा नेमका कुणाचा, हे सांगणं अवघड. कोकणच्या दमटपणानं घराघरातल्या टेपांवर बुरशी चढली. 22 जुलै 2021ला सावित्री नदीचं पाणी महाडमध्ये शिरलं, तेव्हा जे गेलं त्यात असल्या कॅसेटींची गणती कुणी केली नाही, करण्यासारखी वेळही नव्हती. त्याच पावसात पोलादपुरात केवनाळे आणि सुतारवाडीत दरडी कोसळून माणसं गेली होती.

विजय चव्हाण 24 ऑगस्ट 2018ला गेले, प्रदीप पटवर्धन 9 ऑगस्ट 2022ला. भरत जाधवांनीही मावशीची साडी नेसून पाहिली, तीही चालली. पण चव्हाणांची मावशी आता चित्रणातच आहे, आणि ती मोबाइलवर तुकड्यातुकड्यानं बघितली जाते. दोन मिनिटांचं गाणं, तीन मिनिटांचा प्रवेश, कानात बोंडं घालून एकट्यानं. एकट्या माणसाला नटाचं ते थांबणं लांबण वाटतं आणि तो पुढे सरकवतो.

म्हणून गावकीला आणि मुंबई मंडळाला एक विनंती. पुढच्या पूजेला डीजेच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढा, प्रोजेक्टर आणा, समाजमंदिराच्या भिंतीवर चादर लावा आणि मावशी पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत लावा. भजन झाल्यावर, पण पहाटे नको. दहाला सुरू करा, म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही बघता येईल. आणि कुणाच्या माळ्यावर जुनी कॅसेट शाबूत असेल तर ती टाकून देण्याआधी एकदा संगणकावर उतरवून घ्या.