खुंट तोच, बुरशी नवी

वरूड तालुक्यातलं शेंदुरजनाघाट हे संत्र्याच्या कलमांचं गाव. इथल्या पन्हेऱ्यांमधली, म्हणजे रोपवाटिकांमधली, कामाची रीत ठरलेली आहे. जंभेरी लिंबाच्या पिकल्या फळांतून बी काढायचं, गादीवाफ्यावर टाकायचं, रोपं मोठी झाली की दुसरीकडे लावायची. खोड पेन्सिलीएवढं जाड झालं की चांगल्या झाडाचा डोळा भरायचा. खाली खुंट जंभेरीचा, वर झाड नागपुरी संत्र्याचं. सराईत हात दिवसभर डोळे भरत बसतात, सालीला चीर देऊन डोळा आत सरकवायला त्यांना वेळ लागत नाही.

या धंद्याला एक मोठी सवलत निसर्गानंच दिली आहे. जंभेरीच्या एका बियातून पुष्कळदा दोन-तीन कोंब येतात आणि त्यातले बहुतेक परागातून जन्मलेले नसतात. बीजांडातल्या आईच्याच पेशींपासून त्यांचा गर्भ तयार होतो. म्हणजे रोप बियाचं असलं तरी ते आईची हुबेहूब नक्कल असतं. वरचा डोळा तर नक्कल असतोच. त्यामुळे बाग एकसारखी वाढते आणि फळ ओळखीचं येतं. पण म्हणूनच वरूड-मोर्शीच्या पट्ट्यातलं संत्रं पिढ्यान् पिढ्या जनुकांच्या दृष्टीनं जवळपास जागच्या जागी उभं आहे.

त्याचा शत्रू तसा उभा नाही. शेतकरी ज्याला डिंक्या म्हणतो तो रोग फायटोफ्थोरा आणतो. आधी बुंध्यापाशी साल ओली दिसते, मग डिंक गळतो, साल कुजून सुटते. जमिनीखाली तंतुमुळं सडतात आणि वर झाड पिवळं पडून वाळत जातं. विदर्भाच्या बागांत त्याच्या तीन जाती मुख्य आहेत: निकोशियानी, पाल्मिव्होरा आणि सिट्रोफ्थोरा. आपण सगळे त्याला बुरशीच म्हणतो, कृषी सेवा केंद्रात औषधही बुरशीनाशक म्हणूनच मिळतं. वंशावळीनं मात्र तो खऱ्या बुरशीपेक्षा समुद्रातल्या तपकिरी शेवाळाला जवळचा. त्याच्या बीजाणूंना दोन शेपट्या असतात आणि ते साचलेल्या पाण्यात पोहत मुळापर्यंत जातात. बुंध्याशी पाणी तुंबू देऊ नका, हा सल्ला आहे तो याच पोहणाऱ्यांसाठी.

हे पोहणारे बीजाणू बिनलग्नाचे, सगळे एकाच साच्याचे. बागेतलं रोजचं नुकसान तेच करतात. पण निकोशियानी आणि पाल्मिव्होरा यांना दुसरी वाटही मोकळी आहे. त्यांच्यात ए-१ आणि ए-२ असे दोन मिलन-प्रकार असतात. दोन्ही एकाच ओल्या मातीत शेजारी आले की एकमेकांना रसायनानं साद घालतात. ए-१ जो संकेत सोडतो त्याची रचना जपानी शास्त्रज्ञांनी 2005 मध्ये उलगडली, तीही याच निकोशियानीवर काम करून. गंमत म्हणजे ही साद दुसऱ्या जातीच्या फायटोफ्थोरालाही ऐकू जाते. मिलनातून जाड भिंतीचा बीजाणू तयार होतो. तो मातीत दीर्घकाळ टिकतो आणि रुजतो तेव्हा पत्ते नव्यानं पिसलेले असतात.

पिसण्याचा परिणाम किती होतो, ते बटाट्यानं जगाला दाखवलं. आयर्लंडमध्ये 1845 पासून दुष्काळ आणणारा फायटोफ्थोरा युरोपात ए-१ या एकाच प्रकारानं नांदत होता, जोडीदार मेक्सिकोत. 1984 मध्ये स्वित्झर्लंडमधून ए-२ सापडल्याची बातमी आली आणि पुढे युरोपात जुन्या वंशांची जागा नव्या वंशांनी घेतली. मेटालॅक्झिल हे औषध तर त्याआधीच, बाजारात येऊन काही वर्षांतच, 1980 मध्ये आयर्लंड आणि हॉलंडमध्ये निकामी ठरू लागलं होतं. तिथं मिलनाचीही गरज पडली नाही. तेच मेटालॅक्झिल आजही संत्र्याच्या आळ्यात ओतलं जातं.

नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी विदर्भ-मराठवाड्यातल्या बागांत हे मिलन-प्रकार तपासले आहेत. माझी नजर मात्र बागेपेक्षा पन्हेरीकडे जाते. हॉलंडमधल्या शोभेच्या झाडांच्या रोपवाटिकांत निकोशियानी आणि कॅक्टोरम या दोन वेगळ्या जातींचा संकर झालेला 1998 मध्ये नोंदवला गेला. याउलट जगभरच्या लिंबूवर्गीय झाडांवरचा निकोशियानी 2016 च्या एका अभ्यासात बराचसा एकाच वंशाचा निघाला, बहुधा रोपांबरोबरच देशोदेशी पोचलेला. भेटीगाठी घडवणारीही रोपवाटिका आणि प्रवास घडवणारीही तीच. म्हणून मला कलमाच्या भावापेक्षा कलमाच्या पिशवीतली माती महत्त्वाची वाटते. बांधावर उतरवलेल्या कलमांचा डोळा सगळे बघतात, मूळ धुऊन बघणारा क्वचित भेटतो.

उपाय जुनेच आहेत आणि चांगले आहेत. गादीवाफ्याची माती उन्हाळ्यात पॉलिथीन अंथरून तापवायची, रोपं जमिनीऐवजी पिशवीत वाढवायची. डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर भरायचा, लागवडीत तो मातीखाली जाऊ द्यायचा नाही. पाणी दुहेरी आळ्यानं किंवा ठिबकनं द्यायचं. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो मलम लावायचा: मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर. वरूडकडच्या बागांत निळसर बुंध्यांच्या रांगा दिसतात त्या यामुळे.

खुंट बदलण्याची गोष्ट अवघड आहे. जंभेरी या रोगाला फार लवकर बळी पडते, रंगपूर लिंबू थोडा तग धरतो. पन्हेरीत वेगळं, खुरटं दिसणारं रोप उपटून टाकतात, ते बरोबरच आहे. पण आईबापांच्या जनुकांची खरी सरमिसळ झालेलं रोप बहुधा त्यातच असतं. नव्या खुंटासाठी संशोधक नेमकी तीच रोपं जपतात. त्यांनी तीनपानी लिंबाचा पराग वापरला तर ओळखही सोपी होते, कारण संकरित रोपाला तीन पर्णिकांचं पान येतं. तीनपानी लिंबू फायटोफ्थोराला दाद देत नाही आणि त्याच्यापासून अमेरिकेत तयार झालेले ट्रॉयर, कॅरिझो हे खुंट जगभर चालले. वऱ्हाडातल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत मात्र या घराण्याच्या खुंटांना लोह नीट उचलता येत नाही आणि त्यांच्यावरचं झाड पिवळं पडतं.