मैलामागे दोन दशांश सेकंद

एक मैल, 27 सेकंद. 30 मे 1949 रोजी बेल्जियममधल्या याब्बेके गावाजवळच्या सरळसोट, सपाट महामार्गावर रॉन सटन या चाचणी चालकाने जग्वारची ‘एक्सके 120’ अशी पळवली. रस्त्याच्या कडेला खास विमानाने आणलेले ब्रिटिश पत्रकार उभे होते आणि वेळ मोजायला बेल्जियमच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबचे अधिकारी. दोन्ही दिशांची सरासरी निघाली ताशी 132.6 मैल, म्हणजे 213 किलोमीटर.

हा सगळा खटाटोप गाडीच्या नावापायी. नावातला 120 हा आकडा म्हणजे ताशी 120 मैल असा कंपनीचा दावा होता. ऑक्टोबर 1948 मध्ये लंडनच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी मांडली, तेव्हा त्याच प्रदर्शनात मॉरिस मायनरही पहिल्यांदा आली होती. ती बिचारी जिवाच्या आकांताने पळाली तरी साठीच्या थोडी पुढे जायची. त्यामुळे 120 ही शुद्ध थाप आहे असं म्हणणारे पुष्कळ निघाले. खरं तर कंपनीचा मूळ बेत दोनेकशे गाड्या बनवण्याचाच होता. नवं इंजिन लोकांच्या नजरेत भरलं की काम झालं. पण मागणी आली आणि सोबत शंकाही आली. मग शंकेखोरांना विमानात बसवून थेट याब्बेकेला नेलं.

आधी टप चढवून, काच जागच्या जागी ठेवून 126 मैल झाले. मग मोठी काच काढून तिथे हाताएवढी छोटी काच लावली आणि 132.6 चा आकडा आला. पण त्या दिवसाची खरी करामत पुढेच होती. एवढं झाल्यावर सटननी तीच गाडी त्याच टॉप गिअरमध्ये ठेवून पत्रकारांसमोरून ताशी 10 मैलांनी नेली. ना इंजिन गचके देतंय, ना बंद पडतंय. म्हणजे तोच मैल एकदा 27 सेकंदांत आणि एकदा सहा मिनिटांच्या हिशेबाने, गिअर मात्र एकच. माझ्या मते जाहिरात म्हणून ही दुसरी फेरी पहिलीपेक्षा सरस होती. 132 मैलांनी कोण रोज जातं? पण ही शर्यतीची गाडी बाजारातून भाजी आणायलाही चालेल, हे पत्रकारांनी डोळ्यांनी पाहिलं आणि तसंच जाऊन लिहिलं. दोनशेचा बेत बारा हजारांच्या पुढे गेला.

मग याब्बेकेच्या त्या रस्त्याला उसंत मिळेना. एकट्या 1953 सालात मार्चमध्ये सनबीम अल्पाइन घेऊन शीला व्हॅन डॅम आल्या आणि 120 मैल करून गेल्या. मे महिन्यात केन रिचर्डसन यांनी ट्रायम्फ टीआर 2 जवळपास 125 वर नेली. ऑक्टोबरमध्ये जग्वारचे नॉर्मन ड्यूइस डोक्यावर पारदर्शक घुमट बसवलेल्या एक्सके 120 मधून 172 मैलांनी गेले. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट 1952 मध्ये, पॅरिसजवळच्या माँतलेरीच्या गोल ट्रॅकवर स्टर्लिंग मॉस आणि आणखी तिघांनी पाळीपाळीने एकच एक्सके 120 सात दिवस नि सात रात्री पळवली. 16,851 मैल, सरासरी ताशी 100.31 मैल, आणि त्या सरासरीत पेट्रोल भरणं, टायर बदलणं, चालक बदलणं सगळं आलं. अडीच किलोमीटरच्या त्या गोलावर या हिशेबाने दहा हजारांहून जास्त फेऱ्या होतात. सरळ रेषेत गेले असते तर पृथ्वीला दोन तृतीयांश प्रदक्षिणा झाली असती. मध्येच काँक्रीटच्या धक्क्यांनी एक स्प्रिंग तुटली. नवी स्प्रिंग गाडीत सोबत नव्हती, बाहेरून आणून बसवली. त्यामुळे नियमाप्रमाणे पुढचे विक्रम अधिकृत धरले गेले नाहीत. पठ्ठे तरीही थांबले नाहीत. सात दिवस शंभरच्या सरासरीने, हे वाक्य जाहिरातीत छापायला कुणाच्या शिक्क्याची गरज नव्हती.

यानंतर आला 150 चा आकडा. जग्वार ई-टाइप, जिनिव्हा, 15 मार्च 1961. (हीच जग्वार 2008 मध्ये टाटा मोटर्सने विकत घेतली.) सुमारे दोनशे पत्रकार तळ्याकाठच्या एका उपाहारगृहात जमलेले आणि दाखवायची गाडी अजून वाटेतच! कंपनीच्या प्रसिद्धी विभागाचे बॉब बेरी ‘9600 एचपी’ या नंबरप्लेटची बंद टपाची कूपे कॉव्हेंट्रीहून रातोरात हाकत निघाले होते. ते पोचले तेव्हा पडदा वर जायला वीसेक मिनिटं उरली होती. हजारेक किलोमीटरची धूळ घाईघाईने पुसली आणि गाडी समोर केली. त्यानंतर एक चक्कर मारायला पत्रकारांची एवढी झुंबड उडाली, की कंपनीचे सर्वेसर्वा सर विल्यम लायन्स यांनी घरी निरोप धाडला: उघडी गाडीही पाठवा, आत्ताच्या आत्ता. ड्यूइस हातातलं काम टाकून संध्याकाळी निघाले, बोटीने खाडी ओलांडली आणि सकाळी दहाच्या सुमाराला जिनिव्हात हजर.

हे सगळं थरारक आहेच, पण गाडी विकली ती वेगळ्या गोष्टीवर. अनावरणाआधीच दोन्ही गाड्या दोन ब्रिटिश साप्ताहिकांना चाचणीसाठी देऊन झाल्या होत्या. ‘ऑटोकार’ला कूपेत ताशी 150.4 मैल मिळाले, ‘द मोटर’ला उघड्या गाडीत 149.1. आता जरा कागद-पेन्सिल घ्या. ताशी 150.4 मैल म्हणजे एक मैल 23.94 सेकंदांत. ताशी 149.1 म्हणजे 24.15 सेकंदांत. फरक मैलामागे दोन दशांश सेकंदांचा, डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढा. ‘दीडशेची गाडी’ हा लौकिक या दोन दशांशांवर उभा होता. तोही निव्वळ नशिबाने मिळालेला नव्हता. त्या कूपेचं इंजिन निगुतीने जुळवलेलं होतं, चाचणीला शर्यतीचे टायर चढवले होते. दुकानातून घेतलेली ई-टाइप 140 च्या आसपास दमायची. याला फसवणूक म्हणायचं का? मला तरी तसं म्हणवत नाही. लग्नाच्या फोटोत सगळेच जरा बरे दिसतात. किंमत मात्र अस्सल होती: उघडी 2,097 पौंड आणि कूपे 2,196. ॲस्टन मार्टिनची डीबी 4 घ्यायची तर याच्या जवळपास दुप्पट पैसे मोजावे लागत. शिवाय 1961 साली ब्रिटनच्या नव्या एम 1 महामार्गावर वेगमर्यादाच नव्हती. ताशी 70 मैलांची मर्यादा आली ती डिसेंबर 1965 मध्ये. तोवर कुणीही हौशी ग्राहक कंपनीचा आकडा कायद्यात राहून पडताळू शकत होता.

अमेरिकेत फोर्डने मोजायची वस्तूच बदलली. मस्टँग ही अंगाने फाल्कन नावाची साधी घरगुती गाडी आणि रूपाने स्पोर्ट्स कार, त्यामुळे वेगाच्या फंदात पडण्यात अर्थ नव्हता. एप्रिल 1964 मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात पत्रकारांना ती दाखवली आणि लगेच शंभराच्या वर पत्रकारांना 70 मस्टँग देऊन सांगितलं, आता या चालवत आमच्या गावी, डिअरबॉर्नला घेऊन जा. अंतर हजार किलोमीटरहून जास्त. या काही मुरलेल्या गाड्या नव्हत्या. एकीने जरी वाटेत धूर सोडला असता तरी मथळा तोच झाला असता. सत्तरच्या सत्तर पोचल्या. 16 एप्रिलच्या रात्री साडेनऊला तिन्ही राष्ट्रीय वाहिन्यांवर एकाच वेळी फोर्डची जाहिरात लागली आणि 2 कोटी 90 लाख लोकांनी ती पाहिली, म्हणजे साधारण दर सातव्या अमेरिकनाने. चॅनेल बदलूनही सुटका नव्हती. जोडीला 2,600 वर्तमानपत्रांत जाहिराती, 15 विमानतळांवर गाड्या आणि 200 हॉलिडे इन हॉटेलांच्या दर्शनी दालनांत आणखी गाड्या.

दुसऱ्या दिवशी 22,000 मागण्या नोंदल्या गेल्या. दुकानं बारा तास उघडी होती असं धरलं तर दर दोन सेकंदांना एक. एक्सके 120 च्या सबंध आयुष्यातल्या सगळ्या गाड्या या एका दिवसाच्या जेमतेम निम्म्या भरतात. पहिल्या वर्षात 4,18,812 मस्टँग खपल्या. ई-टाइप चौदा वर्षांत 72,000 च्या थोड्या वर बनल्या. मस्टँगच्या पहिल्या वर्षाच्या गतीने तेवढ्या नऊ-दहा आठवड्यांत संपल्या असत्या. 1965 मध्ये तर फोर्डने एका मस्टँगचे तुकडे करून ते एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या लिफ्टने 86 व्या मजल्यावर चढवले आणि गाडी तिथे गच्चीवर जोडून फोटो काढले. 2014 मध्ये पन्नाशीच्या निमित्ताने हाच उद्योग पुन्हा केला.

वेगाचे दावे मात्र थांबले नाहीत. 10 ऑक्टोबर 2020 रोजी एसएससी या अमेरिकी कंपनीने नेव्हाडातला सात मैलांचा रस्ता बंद करून घेतला आणि तुआतारा ही गाडी पळवली. जाहीर केलेली सरासरी होती ताशी 316.11 मैल, म्हणजे 508 किलोमीटर. बातमी जगभर छापून आली. पण या वेळी खरी तपासणी केली घरी बसलेल्या गाडीवेड्यांनी. कंपनीनेच टाकलेला व्हिडिओ त्यांनी एकेक चौकट थांबवून पाहिला, रस्त्यावरच्या खुणांमधलं अंतर नकाशावर मोजलं आणि भागाकार केला. आकडा जुळेना. जानेवारी 2021 मध्ये फ्लोरिडात, अंतराळयानांसाठी बांधलेल्या धावपट्टीवर, गाडीच्या मालकानेच ती पुन्हा पळवली. सरासरी भरली 282.9 मैल. 316 आणि 282.9 यांच्यात मैलामागे साधारण 1.3 सेकंदांचा फरक पडतो, आणि व्हिडिओत सेकंदाच्या चौकटी डझनांनी असतात. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीने कबूल केलं, की नेव्हाडात आपली गाडी 300 च्या पलीकडे गेलीच नव्हती.