पंधराव्या वर्षीचा गांजा

गांजाचा विषय निघाला की ‘झाडपालाच तो, त्याने काय होणार?’ असे हमखास ऐकू येते. तंबाखूही झाडपालाच आहे. त्यापेक्षा वजनदार आक्षेप इतिहासाचा आहे. इंग्रज सरकारने १८९३ मध्ये नेमलेल्या आयोगाने देशभर चौकशी केली, वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी तपासल्या आणि बेताच्या सेवनाने सहसा अपाय होत नाही असे म्हटले. हा दाखला आवर्जून देणारे त्याच अहवालाचा दुसरा भाग मात्र गाळतात: अतिसेवनाने वेड लागू शकते, विशेषतः मुळात मन दुबळे असेल किंवा घराण्यात तसा दोष असेल तर. पुढच्या संशोधनाने या इशाऱ्याला बळच दिले, आणि त्यात वयाची भर घातली.

स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यभरतीला आलेल्या पंचेचाळीस हजारांहून अधिक तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला गेला. भरतीपूर्वी पन्नासहून अधिक वेळा गांजा-चरस ओढलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचे प्रमाण कधीच न ओढलेल्यांच्या सहापट निघाले. यावर रास्त शंका अशी, की आजाराकडे झुकलेली मुलेच गांजाकडे वळत असतील. तरुणांच्या आधीच्या तक्रारी आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर धोका खरोखरच बराच खाली आला. पण नाहीसा झाला नाही. न्यूझीलंडच्या डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांच्या अभ्यासात तर अकराव्या वर्षीची मानसिक लक्षणे आधीच नोंदलेली होती. तिथे पंधराव्या वर्षापर्यंत गांजा सुरू केलेल्यांना अठराव्या वर्षी सुरू करणाऱ्यांपेक्षा अधिक धोका दिसला. अशा मुलांची संख्या थोडी, म्हणून एवढ्यावर सारी भिस्त ठेवता येत नाही. पण युरोप आणि ब्राझीलमधल्या रुग्णांवरचे २०१९ चे संशोधनही त्याच दिशेला बोट दाखवते: दहा टक्के किंवा जास्त टीएचसी असलेला माल रोज ओढणाऱ्यांत सायकोसिसची, म्हणजे वास्तवाचे भान सुटण्याच्या आजाराची, शक्यता जवळपास पाचपट. टीएचसी म्हणजे नशा आणणारे द्रव्य, आणि अमेरिकेत जप्त झालेल्या मालात त्याचे प्रमाण १९९५ च्या सुमारे चार टक्क्यांवरून २०१४ पर्यंत बारा टक्क्यांच्या आसपास गेले होते. जुन्या पिढीने पचवले म्हणून नव्याही पिढीला पचेल, हा युक्तिवाद इथे कोसळतो.

वयाचाच प्रश्न का, याचे उत्तर मेंदूच्या घडणीत आहे. पौगंडावस्थेत मेंदू वापरात नसलेल्या जोडण्या छाटतो, उरलेल्या पक्क्या करतो, आणि हे काम विशीच्या मध्यापर्यंत चालते. या कामात मेंदूचीच काही रसायने संदेश पोचवतात. ती रसायने जिथे जाऊन चिकटतात, नेमक्या त्याच जागांवर टीएचसी जाऊन बसते. घडण बिघडण्याची हीच वाट असावी, असे अनेक संशोधकांना वाटते.

स्किझोफ्रेनिया शंभरातल्या सुमारे एकाला होणारा आजार आहे, त्यामुळे गांजा ओढणाऱ्या बहुतेकांना तो होणार नाही, हे खरेच. पण कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही, आणि ज्याच्या सख्ख्या नात्यात हा आजार आहे त्याने तर गांजाला हातही लावू नये, असे मला ठामपणे वाटते. मुलाला भास होऊ लागले, उगाच संशय येऊ लागला, झोप उडाली, तर ‘नशा उतरली की होईल बरा’ म्हणत थांबणे महागात पडते. आजार सुरू झाल्यावरही गांजा सोडणाऱ्यांत तो उलटण्याचे प्रमाण कमी दिसते. पोलिसांच्या भीतीने अनेक घरे हे लपवतात. पण स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत व्यसनावर उपचार घेणाऱ्याला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातल्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून संरक्षण देणारे कलम १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातच आहे, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.