दारातून न निघणारं कपाट

सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत कधीकधी चॅबझाइट सापडतं, खडीसाखरेच्या खड्यासारखं. आत अणूंनी बांधलेल्या खोल्या, खोल्यांना चिमुकल्या खिडक्या. मिथेनॉलपासून इथिलीन-प्रोपिलीन ही ऑलिफिनं करणाऱ्या सापो-34 या उत्प्रेरकाची बांधणी हीच. युनियन कार्बाइडच्या संशोधकांनी तो 1980 च्या दशकात जगापुढे आणला.

करायची रीत अशी. अ‍ॅल्युमिना, फॉस्फोरिक आम्ल, थोडी सिलिका आणि पाणी घोटून घ्यायचं, त्यात टेट्राइथिलअमोनियम हायड्रॉक्साइड घालायचं. बंद दाबपात्रात 200 अंशांच्या आसपास ठेवलं की या सेंद्रिय रेणूभोवती भिंती उभ्या राहतात. कमान बांधताना खाली साचा लावतात, तसाच हा साचा. मग 550 अंशांना हवेत भाजलं की साचा जळतो, खोली मोकळी होते.

फॉस्फरसच्या जागी सिलिकॉन बसला की चौकटीवर ऋण भार येतो आणि तो फेडायला एक प्रोटॉन. आम्लाची जागा म्हणतात ती हीच. सिलिकॉन टाकताना हात सैल सुटला, तर ऑलिफिनची अल्केनं होतात आणि काजळी वाढते.

आता मिथेनॉल आत शिरतं, 400 ते 500 अंशांना. दोन रेणू थेट जुळून इथिलीन होत असेल, असं वाटतं. पण खरी कामकरी मंडळी वेगळीच: खोलीत आधी साचलेली, मिथाइल गट लटकलेली बेंझीनची कडी. ती मिथेनॉलकडून कार्बन घेतात आणि इथिलीन किंवा प्रोपिलीन सोडतात. खिडकी 0.38 नॅनोमीटरची. सडपातळ ऑलिफिनं निसटतात, कडी आतच अडकतात. सुटे भाग नेऊन खोलीत जोडलेलं कपाट दारातून निघत नाही ना, तसंच. झेडएसएम-5 या दुसऱ्या उत्प्रेरकाची दारं सुमारे 0.55 नॅनोमीटरची, म्हणून त्यातून मोठे रेणूही निघतात; न्यूझीलंडमध्ये मोटुनुईला 1985 पासून त्यावर मिथेनॉलचं पेट्रोल होत होतं.

मात्र हीच कडी पुढे एकमेकांना जुळून काजळी होतात आणि खोली तुंबते. म्हणून चीनमधल्या बाओतोउच्या कारखान्यात (2010) उत्प्रेरकाची पूड अभिक्रिया-पात्रातून पुनर्जीवन-पात्रात आणि परत अशी सतत फिरते. पुनर्जीवन-पात्रात हवेने काजळी जाळतात. वर्षाला 18 लाख टन मिथेनॉल, 6 लाख टन ऑलिफिन ही कारखान्याची क्षमता. बाकीचं बहुतेक पाणी होऊन जातं: 32 ग्रॅम मिथेनॉलमधून 18 ग्रॅम!

गंमत म्हणजे काजळी पूर्ण जाळत नाहीत, थोडी मुद्दाम ठेवतात. खोली जरा अडचणीची झाली की इथिलीनचा वाटा वाढतो.