लाल रेघेचा कस

गेल्या आठवड्यात कपाशीच्या पानात बीटीचे प्रथिन कसे तयार होते ते पाहिले. ते ओळखणारी कागदी पट्टी यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात फार कामाची आहे. तणनाशकाला दाद न देणाऱ्या कपाशीला देशात मान्यता नाही, तरी तिचे बियाणे ‘चोर बीटी’ म्हणून विदर्भात विकले जाते. संशयित पाकिटाची पहिली पारख पट्टीवर करता येते. त्या वाणातल्या जादा प्रथिनासाठी वेगळी पट्टी मिळते, पण रीत तीच. पान द्रावणात चुरडून पट्टी उभी केली की काही मिनिटांत लाल रेघ उमटते. हा रंग बहुधा सोन्याचाच असतो, कारण प्रथिन ओळखणारी प्रतिपिंडे सुवर्णाच्या अतिसूक्ष्म कणांवर बसवलेली असतात. १९७१ मध्ये फॉक आणि टेलर यांनी हीच जोडी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी वापरली होती.

पट्टीवरची नियंत्रण रेघ उमटली की निकाल पक्का, असे मानले जाते. ते पुरेसे नाही. ही रेघ सोन्यावरच्या प्रतिपिंडालाच धरते. द्रव वर चढला आणि सोने सोबत आले, एवढेच ती सांगते. तेच प्रतिपिंड प्रथिन अजून ओळखते का, हे तिला कळत नाही. म्हणून कारखान्यात आधी सुवर्णद्रावणात मीठ घालून पाहतात. प्रतिपिंडांचा थर अपुरा असेल तर कण एकमेकांना चिकटतात आणि लाल द्रावण निळसर होते. कण सुटे आहेत की गुठळ्या झाल्या आहेत, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. खरा कस मात्र पुढेच लागतो: प्रथिन नक्की असलेल्या नमुन्यावर रेघ यायला हवी आणि नक्की नसलेल्यावर येता कामा नये. हा कस पट्ट्या वापरण्यापूर्वी प्रत्येक खोक्याला पुन्हा लावायला हवा.

कंपनीने हे सगळे केलेलेच असते, मग पुन्हा कशाला, असा आक्षेप येईल. पण कंपनीची तपासणी माल निघण्यापूर्वीची असते. इथे बियाण्याचा हंगाम मे-जूनचा. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत पडलेल्या पट्टीवरचे प्रतिपिंड दुबळे होऊ शकते, आणि तरीही नियंत्रण रेघ उमटू शकते. खर्चाचा आक्षेप त्याहून हलका आहे, कारण प्रत्येक खोक्यामागे दोनच पट्ट्या जास्त लागतात. जनुकच तपासणारी पीसीआर चाचणी आहेच, असेही म्हणता येईल. पण प्रयोगशाळेत कोणता नमुना पाठवायचा हे पट्टीच ठरवते. तिने दोषी नमुना सोडला तर पीसीआरला संधीच मिळत नाही. उलट बाजूही ध्यानात हवी. रेफ्युजी, म्हणजे मुद्दाम घातलेले बिगर-बीटी बियाणे, मिसळलेल्या पाकिटात त्याचे प्रमाण ५ ते १० टक्के असते. त्यामुळे एका रोपावर बीटीची रेघ आली नाही म्हणून ते पाकीट बोगस ठरत नाही.

तपासणीच्या नोंदीत पट्टीचा बॅच क्रमांक आणि या दोन पट्ट्यांचे निकाल आलेच पाहिजेत. त्यांच्याशिवाय विक्रेत्यावर कारवाई करणे अन्याय आहे, आणि त्याला निर्दोष सोडणे हा शेतकऱ्यावर अन्याय आहे.

(पुढील आठवड्यात : पीसीआर चाचणी)