परदेशी नोकरीचे कागद : कोणता नंबर कोणत्या कामाचा?

सुरतेहून कापडाची गाठ निघाली की बिलाचा नंबर वेगळा, बिल्टीचा वेगळा. ट्रान्सपोर्टच्या गोदामात बिलाचा नंबर सांगून माल सुटत नाही, तिथे बिल्टीच लागते. आखाती देशांत कामाला जाणाऱ्या आपल्या शिंपी, गवंडी, वायरमन बांधवांच्या कागदांचेही असेच आहे.

पासपोर्टचा ऑनलाइन अर्ज भरला की एआरएन मिळतो. ही केवळ अर्जाची पोच आहे, मंजुरी नव्हे. सेवा केंद्रात कागद तपासून अर्ज दाखल झाला की फाइल नंबर मिळतो. नगर जिल्हा पुण्याच्या विभागीय पासपोर्ट कार्यालयाखाली येत असल्याने आपल्याकडे तो 'पीएन' या अक्षरांनी सुरू होतो. पोलीस चौकशी कुठवर आली, पासपोर्ट टपालात पडला का, हे फाइल नंबर व जन्मतारखेवरून कळते. पुढे हाच नंबर पासपोर्टच्या शेवटच्या पानावर छापलेला असतो.

पासपोर्ट नंबर मात्र निराळा : एक अक्षर व सात अंक. नवा पासपोर्ट निघाला की तो बदलतो. चालू व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही सोबत ठेवावेत.

आता पैशाची बाब. परदेशी कामासाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे सरकारी परवाना लागतो. त्याचा परवाना नंबर ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. गावात फिरणाऱ्या 'सब-एजंट'ला कायद्यात जागा नाही. परवानाधारकालाही ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पावतीवर परवाना नंबर नसेल तर एक रुपयाही देऊ नये.

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर बहुधा 'ईसीआर' अशी नोंद असते. त्यांना सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार अशा १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची उत्प्रवास मंजुरी लागते. मंजुरीसोबत १० लाख रुपयांचा प्रवासी भारतीय विमाही असतो. काही एजंट ही मंजुरी टाळण्यासाठी "आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर बदलून देऊ" असे सांगतात. अशा कारागिराची कामगार म्हणून सरकारी नोंद होत नाही. विमा नाही, नोंदलेला करार नाही. मालकाने पगार अडवला तर हातात दाखवायला काही राहत नाही, आणि घरी मशीन विकून उभी केलेली रक्कम बुडते.

"व्हिसाचा नंबर आला" असे एजंट म्हणाला तर तो अर्जाचा की मंजूर व्हिसाचा, हे आधी विचारावे. व्हिसावर नोकरी लिहिली आहे की भेट, तेही पाहावे.

निघण्यापूर्वी फाइल नंबर, पासपोर्ट नंबर, व्हिसा नंबर, उत्प्रवास मंजुरीचा नंबर आणि एजंटाचा परवाना नंबर वहीच्या एका पानावर लिहावेत व ते पान घरच्यांकडे द्यावे. उद्या वकिलातीकडे दाद मागण्याची वेळ आली तर पहिली विचारणा याच नंबरांची होते.